चौथ्या सुरुंगाची वाट

पुस्तक चांगलं आहे, असं मी गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाही. चांगलं आहे हे तर साबण विकणाराही सांगतो. मी सांगते, तुम्ही कुठे अडकाल. "हे घ्या. साठ-सत्तर पानांनंतर कंटाळाल, मला शिव्या घालाल. खुशाल घाला, पण पुस्तक मिटू नका." सोलापुरात नव्या पेठेतल्या आमच्या यन्नम ग्रंथभांडारात मी तरुणपणापासून हाच उद्योग करत आले. वडिलांच्या मागे दुकान मी आणि धाकटा भाऊ श्रीनिवास, असं दोघांनी चालवलं. हिशेब आणि गोड बोलणं त्याच्याकडे, गिऱ्हाइकाशी भांडण माझ्याकडे.

गल्ल्याशेजारचं कपाट माझं. कुणी नाव घेत नाही अशी पुस्तकं त्यात. एका लमाण दाईच्या आठवणी, एका मुक्या शिंप्यानं लिहिलेलं नाटक, कुठल्या तरी बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराची पत्रं. लोक घसघशीत जाहिरातीचं पुस्तक घ्यायला यायचे आणि जाताना माझ्या कपाटातलं एक काखोटीला मारून न्यायचे. महिन्याभरानं येऊन म्हणायचे, "काकू, तुम्ही सांगितलंत तिथंच अडकलो की ओ!" मला याहून मोठं बक्षीस नको होतं.

मग उन्हाचा कायदा आला. दुपारी बारा ते पाच बाजार बंद. गिऱ्हाईक घरात पडून पडद्यावर काय ते बघायला लागलं आणि दुकान आचके देऊ लागलं. तेव्हा श्रीनूनं "सहजपान" कंपनीचं यंत्र आणलं. मी आधी तोंड वाकडं केलं आणि मग गप्प बसले, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

यंत्र म्हणजे फ्रिजएवढं छापखान्याचं कपाट आणि त्याच्यासोबत एक चष्मा. खरी करामत चष्म्याची. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, एक-दोन शब्द गाळून पुढे जातो, आणि अवघड काही आलं की मागे फिरतो. मेंदूला कष्ट पडले की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. सहजपानवाले त्याच्या पुढे गेले. चष्मा लावून गिऱ्हाइकानं थोडा वेळ काहीही वाचलं की त्याच्या डोळ्यांच्या चालीचा ठसा तयार व्हायचा. मग कुठलाही मजकूर त्या ठशासमोर ठेवा, यंत्र सांगणार की हा माणूस इथे रेंगाळेल, इथे मागे जाईल, इथे जांभई देऊन पुस्तक मिटेल. त्यावरून त्याला जमेल असं पुस्तक निवडायचं आणि चहा होईपर्यंत छापून, बांधून हातात द्यायचं. टाइप लहानमोठा करायचा, समासही ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे. त्यामुळे एकाची प्रत जाड निघे, दुसऱ्याची बारीक. आम्ही म्हटलं, उत्तम, म्हाताऱ्यांची सोय झाली.

पहिल्याच वर्षी कंपनीनं "अपरिचित पुस्तकांचा पंधरवडा" जाहीर केला आणि मी विरघळले. जी पुस्तकं छापायला प्रकाशक तयार नव्हते, ज्यांचे गठ्ठे वाळवीनं खाल्ले होते, ती आता एकेक प्रत करून छापता येणार होती! फक्त एक अडचण होती. अनोळखी पुस्तकाबाबत लोक यंत्राचं ऐकत नाहीत, माणसाचं ऐकतात. म्हणून प्रत्येक प्रतीच्या पुठ्ठ्यावर माझा फोटो छापायचं ठरलं. खाली अक्षरं, "अंबुजाकाकू सांगतात, हे वाचा." फोटोत मी जराशी हसते आहे. मला तो आवडलाही होता.

पहिलं पुस्तक मीच सुचवलं, विटकरबाईंचं "चौथा सुरुंग". नरसम्मा विटकर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. जन्म वडार वस्तीत, बाप खाणीत दगड फोडणारा. बाईंनी ते एकच पुस्तक लिहिलं. एकच आवृत्ती निघाली, तीही कुणी वाचली नाही. मी वाचली होती आणि तेव्हापासून आमची मैत्री.

पुस्तकाचा प्राण त्याच्या चौथ्या प्रकरणात आहे. खाणीत सुरुंग लावले की उडताना सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजायचे, ही तिथली रीत. चार लावले आणि तीनच मोजले गेले, तर कुणी जागचं हलायचं नाही. न उडालेला सुरुंग केव्हाही उडतो. त्या दिवशी तीन उडाले. मग बाईंचे वडील आणि सगळी माणसं दगडांच्या आडोशाला बसून राहतात. सकाळची दुपार होते. पुस्तकात काहीही घडत नाही. माणसं बसलेली आहेत, कुणी तंबाखू मळतंय, कुणी पोराला पाजतंय, ठेकेदाराचा मुकादम येरझारा घालतोय. वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. मी प्रत्येकाला बजावलं, "चौथ्या प्रकरणात अडकाल. चिडाल. पण बसून राहा त्यांच्यासोबत."

पुस्तक धो धो चाललं. पंधरवड्याचा महिना झाला. आणि एकही माणूस अडकला नाही.

"काय की ओ काकू, तुम्ही उगंच घाबरवलात," शाहीन बागवान म्हणाली. फार्मसीला शिकणारी ही पोरगी आमच्या दुकानात शाळेपासून येते आणि माझ्याशी भांडण्यात तिचा हात कुणी धरत नाही. "मी एका दमात संपवलं!"

तिच्यामागून बँकेतले साहेब तेच म्हणाले, मग एक आजोबा. मी घरी जाऊन आरशात बघितलं. वय झालं, म्हटलं. ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर मिरवले ती हातातून गेली. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

शाहीन पुढच्या खेपेला आली तेव्हा मी तिला गल्ल्यापाशी बसवलं. "मला एक सांग, बाप त्या दगडामागं किती वेळ बसला?"

"बसला कुठं? उठला आणि गेला की."

"कधी गेला?"

"लगेच. तिसरा उडाला, चौथा नाही उडाला. तो म्हणाला, बघून येतो. आणि गेला." तिनं खांदे उडवले. "मेला तेव्हा वाईट वाटलं मला. पण चूक त्याचीच होती ना, काकू?"

मी तिची प्रत दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि तिला घरी पाठवलं. माझी जुनी प्रत कपाटातून काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. माझ्या प्रतीत चौथं प्रकरण संपता संपत नव्हतं. तिच्या प्रतीत ते डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपलं होतं. मुकादम नव्हता. ठेकेदार नव्हता. तंबाखू, पोरं, ऊन, काही नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"श्रीनू!" मी ओरडले. "इकडं ये!"

त्यानं दोन्ही पानं वाचली. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज त्यानं खालीच ठेवला. "अक्का, मला वाटलं टाइपच लहानमोठा करालेत."

"मलाही तेच वाटलं. गाढव आपण दोघंही."

कंपनीचा समन्वयक ऋत्विज दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. सभ्य मुलगा. माझ्या पाया पडला. मी विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही, उलट त्याला कौतुकच वाटत होतं.

"काकू, वाचक कुठे पुस्तक मिटेल ते यंत्राला आधीच कळतं. मग नुसतं कळून काय उपयोग? यंत्र त्या जागेचा मजकूर हजार तऱ्हांनी लिहून बघतं. कधी वाक्य सोपं करतं, कधी प्रसंग आखूड करतं, कधी गाळतं. प्रत्येक तऱ्हा त्या वाचकाच्या ठशासमोर चालवून पाहतं. जिथे डोळा कुठेच अडखळत नाही, ती तऱ्हा छापतं. प्रत्येकाला आपल्या मापाचं पुस्तक. करारात आहे ते सगळं. विटकरबाईंची सहीसुद्धा आहे, सुलभ आवृत्तीला."

"मग हे सगळं अपरिचित पुस्तकांवरच का?"

तो जरा घुटमळला. "गाजलेल्या पुस्तकातली एक ओळ हलली तरी लोक ओरडतात. ही पुस्तकं कुणाला पाठ नसतात."

म्हणजे ज्यांचं कधी कुणी ऐकलं नाही, त्यांचीच जीभ छाटायची आणि वर माझा हसरा फोटो चिकटवायचा! मी म्हटलं, "माझा फोटो काढून टाक."

"काकू, फोटो गेला तर पंधरवडा गेला. पंधरवडा गेला तर इथे यंत्र ठेवणं कंपनीला परवडणार नाही. श्रीनिवासकाकांशी बोला. रविवारी बाईंचा वाचक-मेळावा आहे, तो तरी नीट होऊ द्या. लोक बाईंना भेटायला येतायत. त्यांचा आनंद कशाला घालवायचा?"

श्रीनू माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या मुलीचं शिक्षण चालू होतं, दुकानाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. मला ते कळत होतं आणि म्हणूनच अधिक राग येत होता.

त्याच संध्याकाळी मी विटकरबाईंकडे गेले. अंगणात त्यांच्यासमोर दोन पोरी बसल्या होत्या, पुस्तकावर सही घ्यायला आलेल्या. बाईंचा चेहरा खुलला होता. पोरी गेल्यावर मी सगळं सांगितलं आणि शाहीनची प्रत पुढे केली.

बाईंनी हात मागे घेतला. "नको दाखवूस."

"अहो बाई, तुमचं पुस्तक आहे."

"अंबुजा, माझं पुस्तक वीस वर्षं माळ्यावर पडलं होतं. तेव्हा कापलेलं नव्हतं, अख्खं होतं. कोण आलं वाचायला? तू. आणि वाळवी." त्या हसल्या, पण डोळे नाही हसले. "आता पोरी येतात. बसतात. वडार म्हणजे काय विचारतात. थोडं कापलं असंल, कापू दे की. मी शाळेत शिकवताना धडा अवघड गेला तर सोपा करूनच सांगायची."

"तुम्ही सोपा करायचात. यांनी तो फेकून दिलाय."

"मला नाही बघायचं म्हटलं ना!" त्या एकदम तडकल्या. "तुझं दुकान आहे, तुझा फोटो आहे, तुला तुझ्या शब्दाची पडलीय. माझं काय? हे बंद पडलं की मी परत माळ्यावर."

ते खरं होतं. माझा शब्द राखायचा तर बाईंचे वाचक जाणार आणि भावाच्या ताटातली भाकरी जाणार. वाचक राखायचे तर जन्मभर मी जो शब्द दिला तो मातीत जाणार. घरी येऊन मी जुनी प्रत पिशवीत घातली. रविवारी काय करणार ते मलाच ठाऊक नव्हतं, पण प्रत घरी ठेवून जायला मन घेईना.

रविवारी ऊन उतरल्यावर दुकान भरलं. टेबलं बाजूला सारून श्रीनूनं खुर्च्या मांडल्या होत्या. यंत्र मागे घरघरत होतं, आलेल्यांसाठी नव्या प्रती छापत होतं. बाई इरकल नेसून पुढे बसल्या होत्या. ऋत्विजनं छान भाषण केलं. मग वाचक बोलू लागले आणि जो तो म्हणाला, काय वेग आहे पुस्तकाला! बाई मान डोलवत होत्या. मी दाराशी उभी होते, पिशवी पोटाशी धरून.

शाहीन उठली. बिचारी मनापासून बोलली. "बाई, मला तुमचे वडील खूप आवडले. थोडा राग पण आला त्यांचा. किती बेफिकीर माणूस! चौथा उडाला नाही हे माहीत असून सरळ चालत गेले. मी असते तर दिवसभर हलले नसते. माणसानं एवढी घाई करू नये ना, बाई?"

बाईंची मान डोलायची थांबली.

"काय म्हणालीस?"

"घाई केली त्यांनी, असं."

"कोण बोललं तुला, माझ्या बापानं घाई केली?"

"पुस्तकात आहे की, बाई." शाहीन गोंधळली. मी परत केलेली आपली प्रत तिनं पुढे केली.

या वेळी बाईंनी हात मागे घेतला नाही. त्यांनी चष्मा चढवला, ती दोन पानं वाचली आणि शेजारी बसलेल्या बँकेतल्या साहेबांची, मग आजोबांची प्रत मागितली. साहेबांच्या प्रतीत वडील हसत हसत जात होते. आजोबांच्या प्रतीत आई त्यांना अडवत होती आणि ते ऐकत नव्हते. तीन प्रती, तीन बाप, आणि तिघेही आपल्या पायांनी मरायला निघालेले.

बाई उभ्या राहिल्या. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माझा बाप सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दगडामागं बसला होता. तो जात नव्हता. त्याला सुरुंगाकडं घालवला! आणि ज्यानं घालवला त्यालाच तेवढा बाहेर काढलाय यातून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अंबुजा, तुझ्याकडची आण."

मी पुढे गेले. ऋत्विज मध्ये आला. "काकू, बाई, मी समजू शकतो. पण करार चालू असताना मूळ मजकूर जाहीर वाचता येत नाही. शिवाय ते प्रकरण फार लांब आहे. लोकांना नाही जमणार. मी आकडे बघितलेत, निम्मी माणसं उठून जातील."

"जाऊ देत," मी म्हटलं. "उठून जायचा हक्क आहे त्यांना. तू तो हक्कसुद्धा ठेवला नाहीस. कंटाळायचं का, चिडायचं का, पुस्तक भिंतीवर फेकायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तू कोण आधीच ठरवणारा? आणि सगळ्यांनी ऐका! तुमच्या पुठ्ठ्यावर माझा फोटो आहे ना, ती बाई खोटं बोललीय तुमच्याशी. न वाचता शिफारस केलीय तिनं. ज्या प्रती तुमच्या हातात आहेत त्या मी वाचलेल्याच नाहीत. त्यातलं एकही पुस्तक मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

दुकानात कुजबुज माजली. बाईंनी माझी प्रत घेतली आणि मला वाटलं, आता त्या वाचणार. पण त्यांनी ती शाहीनच्या हातात दिली. "तू वाच. तुलाच राग आला होता ना माझ्या बापाचा. चौथं प्रकरण. मोठ्यानं."

शाहीननं सुरुवात केली, पण यंत्राच्या घरघरीत तिचा आवाज मागे पोचेना. मागून कुणी तरी ओरडलं, "ऐकू येईना!" श्रीनू खुर्ची सरकवून उठला. मला वाटलं हा आता मला आवरायला येतोय. तो यंत्राकडे गेला, अर्धवट छापलेली प्रत आत तशीच असताना त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि जागेवर येऊन बसला.

"काका, कंपनी उद्याच यंत्र घेऊन जाईल," ऋत्विज हळूच म्हणाला.

"ने की," श्रीनू म्हणाला. "आता ऐकू दे बे."

शाहीन वाचत राहिली. तीन सुरुंग उडाले. माणसांनी मोजले, एक, दोन, तीन, आणि तोंडं उघडी ठेवून थांबली. ऊन चढलं. पहिली माणसं उठून गेली, तीन-चार, मग आणखी काही. ऋत्विज म्हणाला होता तसंच. बँकेतल्या साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, एक बाई उघड जांभई देत होत्या. मला त्या जांभईचासुद्धा आनंद झाला. ती त्यांची स्वतःची जांभई होती. पण जाणाऱ्यांपेक्षा बसलेले जास्त होते, आणि हळूहळू खुर्च्यांचा आवाज बंद झाला.

पुस्तकात दुपार झाली. मुकादम येरझारा घालू लागला. गाड्या उभ्या आहेत, माल भरायचाय, म्हणू लागला. वडील म्हणाले, चौथा मोजल्याशिवाय कुणी जाणार नाही. मुकादम गेला आणि ठेकेदाराला घेऊन आला. शाहीनचा आवाज बसत चालला होता. ती वाचत होती, "पांढऱ्या जीपमधून ठेकेदार उतरले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या बाबांवर बोट ठेवलं. हिरोळीकर मालक म्हणाले…"

ती तिथे थांबली. बोट ओळीवर ठेवून परत मागे गेली आणि तेच नाव पुन्हा मनात वाचलं. मग तिनं वर बघितलं.

"बाई, हिरोळीकर म्हणजे? आमच्या हिरोळीकर नगरचे?"

"तेच," बाई म्हणाल्या. "खाणीनंतर त्यांनी घरं बांधायला काढली."

"आमच्या गेटवर पुतळा आहे त्यांचा. रोज हार घालतात." तिचं बोट अजून त्या नावावरच होतं. "लहानपणी शाळेतून भाषण करायला लावलं होतं मला, त्यांच्यावर. पहिला नंबर आला होता माझा."

ऋत्विज मान खाली घालून उभा होता. शाहीननं पुस्तक छातीशी धरलं होतं. तिला पुढे जायचं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. बाईंनी तिला वेळ दिला. मग त्या तिच्याजवळ गेल्या आणि ते पान त्यांनी स्वतः उघडून तिच्यासमोर धरलं.

"वाच, पोरी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ व्हायची आहे. बाबा अजून बसलेत."